ख्रिसमस ट्रीने पाणी ओढणं बंद केलंय, सुया गळतायत, वाचवता येईल का?

कोवळीउन्हं

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. यंदा पहिल्यांदाच घरात खरं, तोडलेलं झाड आणलंय. आत्तापर्यंत प्लॅस्टिकचंच होतं, माळ्यावरून काढायचं, उलगडायचं आणि परत घडी करून ठेवायचं, त्यामुळे झाडाची काळजी वगैरे हा विषयच कधी आला नाही. झाड साधारण सहा फुटी आहे, बुंध्याची जाडी मी आज टेप लावून मोजली तर १० सेमीच्या आसपास भरली. शनिवारी दुपारी आणलं, घरी पाहुणे होते म्हणून तसंच बाहेर भिंतीला टेकवून ठेवलं, रविवारी संध्याकाळी स्टँडमध्ये बसवलं आणि भांडं काठोकाठ भरलं. पहिल्या रात्री पाणी बोटभर खाली गेलं, मला वाटलं चला, पितंय झाड. त्यानंतर आज शुक्रवार उजाडला तरी पाणी जिथल्या तिथे आहे, उलट वर एक चिकट तवंग आलाय आणि वासही जरा कुबट येतोय.

आता सुयांचं सांगते. सोमवारी झाडाला हात लावला तर एकही सुई पडत नव्हती. आज मुलीने एक खेळणं सरकवून दुसऱ्या फांदीला लावलं तर खाली वीस-पंचवीस सुया पडल्या. तिने लगेच विचारलं, झाड आजारी आहे का? तेव्हापासून मला चैन नाही.

घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा. सासूबाई म्हणाल्या साखर घाल, फुलदाणीत घालतात तशी, म्हणून दोन चमचे घातली. नवऱ्याने ॲस्पिरिनची गोळी चुरून टाकली. दिराचं म्हणणं बुंध्याला खालून ड्रिलने भोक पाडा म्हणजे पाणी आपोआप आत शिरेल, ते अजून केलेलं नाही कारण मला धीर होत नाहीये. झाडापासून हीटर चारेक फुटांवर आहे, तोही कारणीभूत असेल का? ख्रिसमसला अजून १२ दिवस आहेत. झाड गेलंय का वाचेल, तेवढं कोणीतरी नक्की सांगा.

राळगंध

ताई, आधी एक सांगा, स्टँडमध्ये बसवण्यापूर्वी बुंध्याचा खालचा चकतीएवढा तुकडा कापला होता का? तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडलंय.

मी काही वर्षं सीझनमध्ये झाडं विकायच्या ठिकाणी काम केलंय, दिवसाला कितीतरी झाडं स्वतः कापून दिलीत. झाड तोडलं की कापलेलं तोंड हळूहळू बंद व्हायला लागतं. ताजा काप दिल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत बुंधा पाण्यात गेला तर झाड व्यवस्थित पाणी ओढतं, त्यापेक्षा उशीर झाला की ओढायची ताकद कमी कमी होत जाते. तुमचं झाड मुळात तोडून किती दिवस झाले होते कोणास ठाऊक, त्यात तुमच्याकडे ते दिवसभराहून जास्त भिंतीला कोरडं उभं होतं. म्हणजे तुम्ही भांडं भरलंत तेव्हा झाडाचं तोंड जवळजवळ मिटलेलं होतं. पहिल्या रात्री जे बोटभर गेलं ते शेवटचं.

झाड गेलंय का ते असं बघा. बाहेरच्या बाजूची, टोकाकडची एक फांदी चिमटीत धरा आणि हळूच स्वतःकडे ओढा, दात्याचा कंगवा केसांतून ओढतो तशी. हातात दोन-चार सुया आल्या तर काही बिघडलं नाही, मूठभर आल्या आणि त्या हिरव्या असूनही कडक लागल्या तर मात्र अवघड आहे. फांदी वाकवून बघा, लवचिक आहे की काडीसारखी कटकन मोडते. लवचिक असेल तर आजच परत कापा, उद्यावर ढकलू नका.

कापायचं असं. दिव्यांचा प्लग काढा, सगळी सजावट उतरवा, अर्धवट नका उतरवू, आडवं केल्यावर काचेचे गोळे फुटतात. भांड्यातलं ते साखरेचं पाणी मगाने उपसा आणि उरलेलं फडक्याने टिपून घ्या. स्टँडचे स्क्रू सैल करून झाड जुन्या चादरीवर आडवं घ्या, एकाने बुंधा धरायचा, दुसऱ्याने लाकडाच्या करवतीने खालून २ ते ३ सेमीची चकती काढायची. काप सरळ आडवा हवा. फुलांचे दांडे तिरके कापतो तसा तिरका काप देऊ नका, त्याने पाणी जास्त ओढलं जात नाही, उलट झाड स्टँडमध्ये डुगडुगतं आणि पाणी थोडं जरी उतरलं तरी कापाची वरची बाजू उघडी पडते. स्टँड स्वच्छ धुवा, झाड उभं करा आणि लगेच साधं नळाचं पाणी भरा. कापल्यावर चहा प्यायला बसू नका, आधी पाणी.

आणि ते ड्रिल लांब ठेवा.

चिमणीघर

साखर अजिबात नको!! आमच्याकडे एका वर्षी मी साखर घातली होती, चार दिवसांत पाणी बुळबुळीत झालं आणि स्टँडच्या कडेने काळसर थर आला, वरती आमची मांजर तेच पाणी प्यायला जायची. तेव्हापासून फक्त साधं पाणी, आणि स्टँडच्या तोंडावर पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल कापून झाकण करते, बुंध्याभोवती बरोबर बसतं. घरात मांजर कुत्रं असेल तर झाडाच्या पाण्यात गोळ्या, खत, ब्लीच, काही म्हणजे काही घालू नका, ते पितातच.

निळीवाट

राळगंध यांनी करायचं काय ते नेमकं सांगितलंय, मी कशामुळे ते सांगते, वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. कारण कळलं की साखर, ॲस्पिरिन, ड्रिल यातलं काय कामाचं आणि काय बिनकामाचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

तोडलेल्या झाडाला मुळं नाहीत, तरी ते पाणी वर कसं खेचतं? तर खेचणाऱ्या असतात सुया. सुयांमधून सतत थोडी थोडी वाफ बाहेर जाते, जेवढं पाणी वरून गेलं तेवढं खालून ओढलं जातं, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा अखंड धागा ताणलेला असतो. हा धागा तुटला की संपलं. आपण स्ट्रॉने पाणी पिताना स्ट्रॉचं टोक पाण्याबाहेर आलं की नुसती हवा ओढली जाते ना, तसंच. झाड भिंतीला कोरडं टेकवून ठेवलं होतं तेव्हाही सुया त्यांचं काम करतच होत्या, खालून पाणी नव्हतं म्हणून कापलेल्या तोंडातून हवा आत शिरली.

सूचिपर्णी झाडांत एक गंमत आहे. यांच्या लाकडात लांबलचक नळ्या नसतात, काही मिलिमीटरच्या बंद टोकांच्या बारीक पेशी असतात आणि त्यांच्या भिंतींना खिडक्या असतात, त्यातून पाणी एका पेशीतून दुसरीत जातं. त्या प्रत्येक खिडकीत चकतीसारखी एक झडप असते. एका बाजूला हवा आली की झडप खिडकीला घट्ट चिकटते, हवा पुढे सरकत नाही. जिवंत झाडाला हे वरदान आहे, थोडी इजा झाली तरी बाकीचं झाड वाचतं. तोडलेल्या झाडात मात्र हीच झडप आपल्या विरोधात जाते, कारण बुडाशी हवा शिरली की तिथल्या खिडक्या बंद आणि नंतर कितीही पाणी ओता, ते दारातच उभं राहतं. त्यात पाइन, स्प्रूस, डग्लस फर यांच्या लाकडात राळेच्या नलिका असतात, ती राळ कापावर येऊन घट्ट होते. पाणी बरेच दिवस बदललं नाही की जिवाणूंची बुळबुळ होते ती आणखी वेगळी. म्हणून ती २ ते ३ सेमीची चकती काढायची, म्हणजे हवा शिरलेला आणि बुजलेला भाग निघून जातो आणि पाणी भरलेलं लाकूड थेट पाण्याला लागतं.

आता ड्रिल. पाणी चढतं ते मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या कोवळ्या लाकडातून, सालीच्या लगेच आतल्या वर्तुळांमधून. मधोमध भोक पाडून मिळणार काहीच नाही. याच कारणासाठी बुंधा स्टँडमध्ये बसत नाही म्हणून कडेने तासू नका, बरेच जण पेन्सिल तासल्यासारखा बुंधा बारीक करतात आणि नेमकं पाणी ओढणारं लाकूडच काढून टाकतात. बुंधा जाड असेल तर मोठा स्टँड आणायचा, दुसरा उपाय नाही.

साखर फुलदाणीत घालतात कारण कळ्यांना उमलायला ऊर्जा लागते. या झाडाला काही उमलवायचं नाहीये, त्याला फक्त ओलं राहायचंय. साखरेवर वाढतात ते जिवाणू. ॲस्पिरिननेही काही साधत नाही.

मातीवेडा

मी इथे जरा वेगळं मत मांडतो. आम्ही दरवर्षी पहिलं पाणी चांगलं कोमट, जवळजवळ गरमच घालतो आणि झाड मस्त टिकतं. गरम पाण्याने राळ सैल होते असं मला एका जुन्या माळ्याने सांगितलेलं. ताईंनी करून बघायला हरकत नाही असं मला वाटतं, निदान परत कापायचा खटाटोप वाचेल.

राळगंध

दादा, तुमचं झाड टिकतं कारण तुम्ही ते ताजं कापून लगेच पाण्यात ठेवत असणार, खरं की नाही? पाणी गरम आहे का गार याने ओढण्यात फरक पडत नाही, मी दोन्ही करून बघितलंय. कोमट घातल्याने नुकसान नाही, पण ताईंनी आत्ता कापायच्या ऐवजी गरम पाणी घालून वाट बघितली तर आणखी एक दिवस जाईल आणि त्यांच्याकडे वाया घालवायला दिवस नाहीत.

मातीवेडा

हो, कापतो तर आम्ही घरी आणल्या आणल्या, गाडीतून उतरवलं की पहिलं तेच काम. मग श्रेय त्याचंच असणार, मान्य. ताई, राळगंध म्हणतात तसंच करा.

कोवळीउन्हं

कापलं!! रात्री साडेनऊला सुरुवात केली, अकराला संपलं. सगळं सांगते कारण माझ्यासारखं कोणी शोधत इथे आलं तर उपयोग होईल.

राळगंध, तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं, आम्ही कापलंच नव्हतं. दुकानदाराने विचारलं होतं कापून देऊ का, पण मला वाटलं झाड उगाच बुटकं होईल म्हणून मी नको म्हटलं. आज ते आठवून फार वाईट वाटलं.

फांदीची परीक्षा आधी केली, हातात सात-आठ सुया आल्या, फांदी वाकली पण मोडली नाही, म्हणून धीर आला. सजावट उतरवायलाच पाऊण तास गेला. आधी घरातली लोखंड कापायची बारीक दात्यांची करवत घेतली, ती चार-पाच वेळा ओढल्यावर राळेने अशी भरली की पुढे सरकेचना, मग शेजाऱ्यांकडून मोठ्या दात्यांची लाकडाची करवत आणली, तिने पाच मिनिटांत काम झालं. नवऱ्याने बुंधा मांडीखाली दाबून धरला आणि मी कापलं.

चकती सुटली तेव्हा जो वास आला तो मी विसरणार नाही, अख्खी खोली जंगलासारखी झाली, आठवडाभर झाड घरात असून तो वास कधी आलाच नव्हता. चकती उलटीपालटी करून बघितली, खालची बाजू करडी-पिवळी, काचेसारखी गुळगुळीत आणि चिकट, बोट लावलं तर बोट सुटेना. वरची बाजू साईच्या रंगाची, हाताला गारेगार आणि ओली. निळीवाटताई, तुम्ही लिहिलेलं दारातच उभं राहतं ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. मुलीने चकतीवरची वर्तुळं मोजली, नऊ भरली, तिच्यापेक्षा झाड दोन वर्षांनी मोठं आहे हे कळल्यावर ती चकती तिने स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पाणी भरून झोपलो. सकाळी साडेसहाला उठून आधी झाडाकडे गेले, वाकून हात घातला तर बोटं तळाला टेकायची बाकी होती!! मोजून ओतलं, २ लिटरच्या वर लागलं. संध्याकाळपर्यंत आणखी सव्वा लिटर गेलं. आता प्रश्न असा की एवढं पाणी पिणं नॉर्मल आहे का, आणि स्टँड लहान पडतोय का? खोक्यावर साडेतीन लिटर लिहिलंय पण झाड बसवल्यावर जेमतेम अडीचच मावतं.

राळगंध

वा, फार बरं वाटलं वाचून! पहिल्या दिवशी एवढं पाणी जाणं अगदी नॉर्मल आहे, तुमच्या झाडाएवढं झाड पहिल्या २४ तासांत ४ लिटरपर्यंतही पितं. दोन-तीन दिवसांनी कमी होईल, दिवसाला लिटर-दीड लिटरवर येईल, तेव्हा घाबरू नका.

स्टँडचा हिशोब सोपा आहे, बुंध्याच्या जाडीला दर २.५ सेमीमागे १ लिटर. तुमच्या १० सेमीला ४ लिटर मावायला हवं, तेही झाड बसवल्यानंतर, खोक्यावर लिहितात ते रिकाम्या भांड्याचं माप असतं, बुंधाच त्यातली बरीच जागा खातो. तुमचा स्टँड लहान आहे, पण आता परत झाड काढायच्या भानगडीत पडू नका. सकाळ-संध्याकाळ दोनदा बघा आणि भरा. नियम एकच, काप कधीही पाण्याबाहेर येता कामा नये. एका रात्रीत पाणी उतरून काप तासन्‌तास उघडा राहिला तर पुन्हा तेच, पुन्हा करवत. शनिवार-रविवार बाहेरगावी जाणार असाल तर कोणालातरी किल्ली देऊन जा.

स्टँडमध्ये मधे खिळा किंवा टोक असतं, त्यावर बुंधा बसवलेला असतो, त्यामुळे काप तळापासून थोडा वर असतो. म्हणजे भांड्यात अजून दोन बोटं पाणी दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, ते कापाच्या खाली असू शकतं. चिमटीत एक काडी घेऊन त्यावर कापाच्या उंचीची खूण करून ठेवा, रोज बुडवून बघायची, पाणी खुणेच्या वरच हवं.

चिमणीघर

भरायला मी काय करते सांगते, बागेच्या पाइपचा मीटरभर तुकडा आणि वर नरसाळं. पाइप फांद्यांमधून आत सोडून खालचं टोक स्टँडमध्ये अडकवायचं आणि नरसाळं वर एका फांदीला बांधायचं, लाल रिबिनीमागे दिसतसुद्धा नाही. रोज पोटावर झोपून झाडाखाली शिरावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर वाकावं लागतं म्हणूनच लोक पाणी घालायचा कंटाळा करतात.

तारजोड

पाण्याचं झालं, आता हीटरकडे या, मूळ प्रश्नात होता आणि कोणीच उत्तर दिलं नाही. चार फूट हे कमीत कमी अंतराच्या जरासं वर आहे, तीन फूट म्हणजे जवळपास १ मीटर तरी हवंच, पण गरम हवेचा झोत झाडाच्या दिशेने येत असेल तर चार फुटांवरूनही झाड झपाट्याने वाळतं. हीटरचं तोंड फिरवा किंवा झाड दुसऱ्या कोपऱ्यात न्या. खिडकीतलं थेट ऊन, पंख्याचा वारा, एसीचा झोत, सगळं तसंच. खोली जेवढी गार तेवढं झाड कमी पाणी पितं आणि जास्त टिकतं.

मी वायरिंगची कामं करतो म्हणून हे जरा जास्त कळकळीने लिहितोय. वाळलेलं झाड म्हणजे घरात ठेवलेला आगीचा भारा. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने खोलीसारखी जागा उभारून झाडं जाळून बघितली आहेत, वाळलेलं झाड काही सेकंदांत शेंड्यापर्यंत पेटतं आणि मिनिटभराच्या आत अख्खी खोली आगीच्या तोंडात जाते, आणि रोज पाणी दिलेलं झाड लहानशा ज्योतीने पेटवायलाही कठीण जातं. झाड तसंच, दिवे तसेच, फरक फक्त सुयांमधल्या पाण्याचा. त्यामुळे ताई, तुम्ही रात्री साडेनऊला करवत घेऊन बसलात ते नुसतं सुया वाचवण्यापुरतं नव्हतं.

दिव्यांच्या माळा एलईडीच वापरा, जुने बल्ब गरम होतात आणि टेकलेल्या सुया वाळवतात. माळ लावण्याआधी सगळी वायर हाताने चाचपून घ्या, कुठे सालटं गेलंय, कुठे होल्डर सैल आहे ते बघा. एकाला एक अशा माळा जोडत बसू नका, पाकिटावर किती जोडायच्या ते लिहिलेलं असतं. प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या जवळ जमिनीवर नको, पाणी भरताना सांडतंच. झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवे बंद, आणि झाडावर किंवा झाडाजवळ मेणबत्ती कधीच नको.

कोवळीउन्हं

तारजोड, आजच हीटर दुसऱ्या भिंतीला नेला, झाड जागचं हलवलं नाही. झोपताना दिवे बंद करायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलंय.

चौथा दिवस, पाणी आता दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास. बाहेरच्या सुया पडायच्या थांबल्यात. पण आज फांद्या बाजूला करून आत बघितलं तर बुंध्यालगत तपकिरी सुयांचा खच आहे, फांदी हलवली की झरझर पडतात. परत काही बिघडलं का? आणि हे झाड नक्की कोणतं आहे ते मला सांगता येत नाहीये, त्यावर किती दिवस टिकेल ते ठरतं का?

निळीवाट

आतल्या तपकिरी सुया म्हणजे जुन्या सुया, झाड शेतात उभं असताना दर शरद ऋतूत त्या गळतातच, दाट फांद्यांमुळे आतच अडकून राहतात. झाड उभं करण्याआधी बाहेर नेऊन बुंधा जमिनीवर दोन-तीनदा आपटला की बहुतेक झडतात. आता हलक्या हाताने झटकून घ्या आणि गोळा करा. काळजी करायची ती बाहेरच्या हिरव्या सुया पडल्या तर.

झाड ओळखायचं तर एक सुई तोडून बोटांत घ्या. एका ठिकाणाहून दोन, तीन किंवा पाच सुयांचा जुडगा निघाला तर पाइन. एकेकटी सुई असेल आणि अंगठा नि बोटात गोल फिरत असेल, टोक टोचत असेल तर स्प्रूस, तिला चार कडा असतात. चपटी असेल, फिरवली तर फिरत नसेल आणि टोकाला बोथट मऊ असेल तर फर. डग्लस फरचीही सुई चपटी मऊ असते पण नावात फर असलं तरी ते खरं फर नाही, फांदीच्या टोकाची कळी टोकदार असते त्यावरून ओळखू येतं.

टिकण्याचं म्हणाल तर नॉर्डमन फर, फ्रेझर फर, नोबल फर ही सुया धरून ठेवण्यात सगळ्यांत भारी, नीट पाणी मिळालं तर चार-पाच आठवडे सहज. पाइनही चांगलं. स्प्रूसला घरातली ऊब फारशी सोसत नाही, लवकर गळायला लागतं, ते हवंच असेल तर उशिरा आणायचं.

कोवळीउन्हं

चपटी, मऊ, फिरत नाही, आणि खालच्या बाजूला दोन पांढुरक्या रेघा आहेत. म्हणजे फर! किती आनंद झाला.

मातीवेडा

त्या पांढऱ्या रेघा फरच्या सुयांवर दिसतात. एक राहिलेलं सांगतो, कधी कधी झाडाबरोबर मावा नाहीतर लहान कोळी घरात येतात, ऊब मिळाली की हलायला लागतात. ते दिसले तर झाडावर कीटकनाशकाचा स्प्रे मारू नका, त्या डब्यांवर ज्वालाग्राही असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि दिवे लावलेल्या झाडावर तो मारणं धोक्याचं. व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, बाकी काही लागत नाही. पुढच्या वर्षी आणाल तेव्हा गाडीच्या टपावर झाड उघडं नेऊ नका, ताडपत्री गुंडाळा, तासाभराच्या वाऱ्याने सुया भयंकर वाळतात. आणि आणल्या दिवशी घरात जागा नसेल तर हरकत नाही, कापून घ्या आणि सावलीत, वारा न लागणाऱ्या जागी पाण्याच्या बादलीत उभं करून ठेवा, आठवडाभरही राहतं.

कोवळीउन्हं

शेवटचं अपडेट द्यायला आले. झाड काल उतरवलं, आणल्यापासून बरोबर चार आठवडे झाले. ख्रिसमसच्या दिवशी ते इतकं टवटवीत होतं की आलेल्या दोघांनी खरं आहे का म्हणून सुई तोडून बघितली, मुलीला ते अजिबात आवडलं नाही. मागच्या आठवड्यापासून पाणी कमी कमी होत पाव लिटरवर आलं, परवा काडी बुडवली तर दिवसभरात काहीच फरक नाही, आणि वरच्या फांद्यांच्या सुया कडक लागायला लागल्या म्हणून आता थांबायचं ठरवलं. रोज सकाळी उठून आधी काडी बुडवायची एवढी सवय झालीये की आज सकाळीही कोपऱ्यात गेले होते.

चादरीत गुंडाळून बाहेर नेलं तरी दारापर्यंत सुयांची वाट झाली. आता ते अंगणात आडवं आहे. आमच्याकडे शेकोटीची चूल आहे, त्यात फांद्या तोडून जाळल्या तर चालेल का, की नको?

राळगंध

घरातल्या चुलीत नको. सुया आणि राळ एकदम भडकतात, ठिणग्या उडतात आणि धुराड्यात काजळीचा चिकट थर बसतो, तोच पुढे धुराड्यात पेट घेतो. फांद्या छाटून बागेत झाडांच्या बुडाशी अंथरा, थंडीत मुळांना पांघरूण होतं. जिथे झाडं गोळा करून भुगा करून देतात तिथे देता आलं तर उत्तमच, फक्त सगळी सजावट आणि तारा काढून द्या, एक हूक जरी राहिला तरी यंत्राची पाती जातात. बुंधा सावलीत सुकू द्या, पुढच्या वर्षी मुलीला आणखी चकत्या कापून देता येतील.

कोवळीउन्हं

तिने आत्ताच पाच मागितल्यात. करवत शेजाऱ्यांना परत करायची राहिलीच आहे, आधी तेवढ्या कापून घेते.